कळाशीचा पुरावा : चिंचवड-चाकण परिसरांतील सुतारकाम

(१)

इमारतींचा इतिहास लिहितांना आपण बहुधा तीन प्रश्न विचारतों : ती कोणीं बांधविली, केव्हां बांधविली आणि खर्च किती आला. शनिवारवाड्याविषयीं या तिहींचीं उत्तरें मिळतात. थोरल्या बाजीरावसाहेबांनीं ता. १० जानेवारी १७३० रोजीं पाया घातला, ता. २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांत झाली, आणि आरंभींच्या कामास १६,११० रुपये लागले. सागवान जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून व चुना जेजुरीकडून आणिला, हेंही सांगितलें जातें. चौथा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. जुन्नराहून आलेलें तें लांकूड एकमेकांस जोडलें कसें?

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु मराठी वाडा म्हणजे मुळांत लांकडी खणांचा सांगाडा होय. विटा, माती व दगड हें त्याचें अंगावरचें वस्त्र. भार वाहतो तो खांब व तुळई. खांब आणि तुळई जेथें भेटतात तो सांधा पक्का असेल तर वाडा दीडदोनशें वर्षें उभा राहतो. कच्चा असेल तर उत्तम सागवानही व्यर्थ जातें. म्हणून सांधा हाच त्या काळच्या कारागिराचा खरा दस्तऐवज आहे. तो मोडीत किंवा बाळबोधींत लिहिलेला नाहीं, करवत व पटाशी यांनीं लिहिलेला आहे, इतकाच काय तो भेद.

प्रस्तुत लेखाचें क्षेत्र पवना, इंद्रायणी व भामा या तीन नद्यांच्या मधला मुलूख, म्हणजे चिंचवड, पिंपरी, भोसरी, देहू, मोशी व चाकण हा होय. जुन्नराहून पुण्यास येणारी वाट खेड-चाकणावरून जाते आणि बोरघाटाची वाट मावळांतून चिंचवडास येते. म्हणजे लांकडाची एक व दगडाची एक अशा दोन्ही परंपरा या भागांत एकत्र आल्या आहेत. आज हा मुलूख मोटारींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. त्यापूर्वीं येथें काय होतें, हें सांगण्यास कागद थोडे व लांकडें बरीच होतीं. आतां लांकडेंही झपाट्यानें जात आहेत.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करूं. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या संस्कृत शब्दापासून आला. काव किंवा काजळी यांत भिजविलेलें सूत ओंडक्यावर ताणून धरावयाचें, मधोमध चिमटींत उचलून सोडावयाचें, कीं लांकडावर सरळ रेघ उमटते. हें सूत ज्याच्या हातीं तो सूत्रधार. म्हणजे या धंद्याचें नांव करवतीवरून किंवा वाकसावरून पडलेलें नाहीं, तें आंखणीवरून पडलें आहे. कापण्यापेक्षां आंखणें महत्त्वाचें, ही जाणीव त्या नांवांतच आहे.

दुसरा शब्द ‘कळाशी’. दोन लांकडें फट न राहतां एकमेकांत बसविणें म्हणजे कळासणें, आणि असा घट्ट जोड ती कळाशी. तिसरा ‘कुसू’. लांकडाच्या टोंकास दोहों बाजूंनीं खांदा काढून मधें जी जीभ राखतात ती कुसू. आणि तें ज्या चौकोनी भोकांत शिरतें तें त्याचें वेज किंवा घर. खांब, तुळई, कडी, पाट, आढें, वासा, चौकट, उंबरा या सर्वांना बांधून ठेवणारें सूत्र म्हणजे कुसू व वेज यांची जोडी. जरुरीप्रमाणें तिच्यांत मेख किंवा पाचर येते.

(३)

या विद्येचा आपल्या मुलुखांतील सर्वांत जुना साक्षीदार लांकूड नसून दगड आहे. भाजें, बेडसें व कार्लें येथील चैत्यगृहें सर्वांस परिचित आहेत. पैकीं बेडसें हें पवनेच्याच खोऱ्यांत, चिंचवडच्या वरच्या अंगास आहे. हीं लेणीं खोदणारांपुढें लांकडी इमारतीचा नमुना होता, हें पावलोपावलीं दिसतें. भाज्याचे खांब आंतल्या बाजूस किंचित् कललेले आहेत. लांकडी छपराचा बाहेर पडणारा रेटा सोसण्यास खांब तसे कलते ठेवावे लागतात. अखंड खडकांत त्याचें कांहींच प्रयोजन नाहीं. बेडशाचे व कार्ल्याचे खांब घटांत उभे केल्यासारखे कोरिले आहेत. लांकडी खांबाचा बुंधा ओलीपासून व वाळवीपासून वांचविण्यासाठीं तो भांड्यांत ठेवण्याच्या चालीची ही आठवण असावी, असें अभ्यासकांचें मत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या कमानदार छतास तर प्रत्यक्ष लांकडी फासळ्या बसविलेल्या आहेत, आणि त्या आजही तेथें आहेत. खडकाचें छत स्वतःच्या बळावर उभें आहे; फासळ्या कसलाही भार उचलीत नाहींत. तरीही त्या बसविल्या, याचा अर्थ लांकडाच्या बांधणीवांचून घर पुरें होतें असें त्या लोकांस वाटतच नव्हतें.

याच लेण्यांत एका सुताराचें नांव कोरलेलें आहे. धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामि याच्याकडून घरमुख, म्हणजे दर्शनी द्वार, झाल्याचा तेथें लेख आहे, आणि सामीचा धंदा ‘वढकि’, म्हणजे संस्कृत ‘वर्धकि’, असा स्पष्ट सांगितला आहे. लेखाचा काळ सामान्यतः इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागेचा धरितात. देहूरोडजवळच्या शेलारवाडीच्या लेण्यांतही याच धेनुकाकटच्या एका नांगरधाऱ्या कुटुंबाचा दानलेख आहे. नांगर धरणारा व नांगर घडविणारा असे दोघेही एकाच गांवचे, आणि दोघेही लेण्यांस दान करण्याइतके संपन्न, हें चित्र लक्षांत ठेवण्याजोगें आहे. वेठीस राबणाऱ्याचें हें चित्र नव्हे; त्यांतला सुतार आपल्या नांवानें व धंद्यानें ओळखला जाणारा गृहस्थ आहे.

(४)

शिल्पशास्त्रावरील संस्कृत ग्रंथांत सांध्यांचा स्वतंत्र विचार आहे. ‘मयमत’ व ‘मानसार’ या दोन्ही ग्रंथांचा सतरावा अध्याय संधिकर्मालाच दिलेला आहे. त्यांत मल्ललील, ब्रह्मराज, वेणुपर्व, पूगपर्व, देवसंधि इत्यादि सांध्यांचीं नांवें येतात. वेणुपर्व म्हणजे वेळूचें पेर व पूगपर्व म्हणजे पोफळीचें पेर. लांबीस लांबी जोडतांना सांधा झाडाच्या नैसर्गिक पेरासारखा दिसावा व तितकाच बळकट व्हावा, ही कल्पना त्या नांवांत उघड आहे.

मात्र येथें सावधगिरी हवी. हे ग्रंथ प्रामुख्यानें दक्षिणेंतील परंपरेचे आहेत. त्यांतील एखादें नांव उचलून चाकणच्या किंवा चिंचवडच्या वाड्यांतील सांध्यास चिकटविणें म्हणजे पुराव्यावांचून वंशावळ जोडण्यासारखें होईल. आपल्याकडील सांधा आपल्याकडील लांकडांतच मोजला पाहिजे. ग्रंथांचा उपयोग काय विचारावें हें कळण्यापुरता. उत्तर लांकडानेंच द्यावयाचें.

(५)

आतां प्रत्यक्ष कृति पाहूं. कारण ती ध्यानांत आल्यावांचून जुन्या सांध्याचें वाचन करतां येत नाहीं.

खांबाच्या माथ्यावर तुळई बसवावयाची आहे असें समजा. सुतार जमिनीवर बसतो, लांकूड पायानें दाबून धरतो व वाकसानें त्याची एक बाजू साफ करितो. तीवर रंधा फिरवून ती बाजू प्रमाण मानतो. पुढील सर्व मापें तिच्याच आधारें घ्यावयाचीं. गुण्या लावून चारी अंगांनीं खांद्याची रेघ ओढतो. ही रेघ धारदार टोंकानें ओढलेली असते. लांकडाचे तंतु वरच्यावर कापले जावे व करवतीनें कांठ फाटूं नये, हा तींतला हेतु. कुसवाची जाडी सामान्यतः लांकडाच्या जाडीच्या एकतृतीयांश धरितात. त्याहून जाड केल्यास वेजाच्या भिंती दुबळ्या होतात, बारीक केल्यास कुसूच मोडतें. म्हणजे दोन्ही लांकडांना सारखें बळ वांटून देण्याचा हा हिशेब आहे.

यानंतर करवत. या देशांतील जुन्या करवतीचे दांते मुठीकडे वळलेले असतात, म्हणून ती ओढतांना कापते. ओढतांना पातें ताणलेलें राहतें, त्यामुळें पातळ पात्यानेंही काप सरळ जातो. कापावयाचें तें रेघेच्या टाकाऊ अंगास, रेघ राखून. रेघ खाल्ली तर सांधा ढिला झाला असें समजावें. मग तो कोणत्याही पाचरीनें पूर्ववत् होत नाहीं.

वेज पाडतांना आधीं सामत्यानें किंवा गिरमिटानें ओळीनें भोकें पाडितात व मग किंकऱ्यानें मधला भाग काढितात. हें काम एकाच अंगानें आरपार करीत नाहींत. अर्धें एका बाजूनें व अर्धें दुसऱ्या बाजूनें कोरून मधें गांठ घालावयाची. नाहींतर पलीकडची बाजू उचकटते. शेवटीं पटाशीनें भिंती साफ करावयाच्या. कसबी हाताची परीक्षा येथें होते. वेजाच्या दोन्ही तोंडांवर माप बरोबर असून मधें किंचित् पोकळी राहिली तरी चालते. मधें फुगवटा राहिला तर मात्र कुसू ठोकतांना लांकूड उभें चिरतें.

कुसू बसल्यावर आडवें भोंक पाडून मेख मारावयाची. कुसवांतील भोंक खांद्याच्या बाजूस केंसभर सरकवून पाडलें, तर मेख आंत जातांना खांदा वेजाच्या तोंडावर ओढून घेते. मग सरस लागत नाहीं. जितका भार पडेल तितकी कळाशी घट्ट होते.

यांत लांकडाच्या स्वभावाचें पक्कें ज्ञान आहे. लांकूड पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें, परंतु तें रुंदींत. लांबींत त्याचा फरक नगण्य असतो. मावळाच्या पावसांत व चाकणच्या उन्हांत वर्षानुवर्षें उभ्या राहणाऱ्या सांध्यास ही हालचाल सोसावी लागते. लांकडाची मेख लांकडाबरोबर हलते. लोखंडी खिळा हलत नाहीं. तो गंजतो आणि भोवतालचें लांकूडही कुजवितो.

(६)

येथें एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणें अवश्य आहे. ‘पेशवाईंतील वाडे एकही खिळा न वापरतां बांधले’ असें वारंवार सांगण्यांत येतें. हें विधान जसेंच्या तसें स्वीकारतां येत नाहीं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या प्रत्येक फळीवर ७२ अणकुचीदार लोखंडी सुळे आहेत. दारांच्या पट्ट्या, बिजागऱ्या, कड्या, साखळ्या यांना खिळे लागतच. लोहार हाही बलुतेदारच होता. त्याचें काम सुताराच्या कामाशीं निगडित होतें. तेव्हां खिळा ठाऊक नव्हता किंवा वर्ज्य होता, असें नव्हे. खरें विधान इतकेंच कीं, भार वाहणाऱ्या मुख्य सांध्यांत खिळ्यावर भिस्त ठेवीत नसत. खिळा कोठें वापरावा व कोठें वापरूं नये, हा विवेक त्या कारागिरांपाशीं होता. चमत्काराची कथा सांगून आपण त्या विवेकाचें श्रेय कमी करतों.

शनिवारवाड्याची लांकडी बांधणी ता. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत गेली. आग सात दिवस धुमसत होती म्हणतात. दगडी जोतें, तट व दिल्ली दरवाजावरील नगारखाना राहिला. त्या नगारखान्यांतील सागवानी खांब, दुसऱ्या बाजीरावानें इ. स. १८०७ च्या सुमारास बांधविलेला विश्रामबागवाडा, आणि चिंचवडच्या देव घराण्याशीं संबंध असलेलें थेऊरचें देवालय हीं त्या काळच्या कामाचीं निकटचीं उदाहरणें आहेत. थेऊरचें मूळ देवालय चिंचवडच्या धरणीधर महाराज देवांनीं बांधविलें व पुढें लांकडी सभामंडप थोरल्या माधवरावांनीं जोडला, असें सांगतात. माधवरावांचा अंतही ता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं तेथेंच झाला. चिंचवडास मोरया गोसावींचें समाधिमंदिर दगडी आहे. त्यावरील लेखाप्रमाणें काम शके १५८० विलंबी संवत्सरीं आरंभून पुढील विकारी संवत्सरीं पुरें झालें. दगडावर तिथि कोरली जाते. लांकडाची तिथि सांध्यांतून वाचावी लागते.

(७)

वाडा हा सुताराचा नित्याचा धंदा नव्हे. गांवगाड्यांत त्याचें स्थान ठरलें तें नांगर, कुळव, पाभर व गाडी यांवरून. बलुतेदारांत त्याची गणना पहिल्या ओळींत होई, कारण त्याच्यावांचून पेरणी अडे. हाळीस नांगरांत बसवून पाचरीनें आवळण्याचा सांधा दर हंगामास तपासावा लागे. पाचर थोडी ठोकली कीं फाळाचा कोन बदलतो व तास खोल किंवा उथळ जातें. म्हणजे हा सांधा केवळ जोड नव्हे, तें मोजमापाचें यंत्रही होय.

गाडीचें चाक हें तर कळाशीच्या विद्येचें टोंक आहे. मधें बाभळीचा तुंबा. त्यांत चौफेर वेजें. वेजांत आऱ्यांचीं कुसवें. आऱ्यांच्या दुसऱ्या टोंकास पुठ्ठे. पुठ्ठ्यांचे आपसांतील सांधे. आणि सर्वांवर लोखंडी धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान करितात, लाल होईतों तापवून चाकावर चढवितात व लागलीच पाणी ओततात. लोखंड आकसतें आणि सगळे सांधे एकदम केंद्राकडे दाबले जातात. सुतारानें पाडलेल्या कळाशीवर लोहार शेवटची मोहोर उठवितो. एक आराही कमजास्त झाला तर चाक गोल येत नाहीं. ज्या मुलुखांत आज मोटारींचीं चाकें तयार होतात, तेथें शेंकडों वर्षें चाकाचा हा हिशेब हातानें व नजरेनें होत असे.

(८)

स्थित्यंतर केव्हां झालें? खंडाळा ते पुणें आगगाडी इ. स. १८५८ मध्यें सुरू झाली व बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्यें खुला झाला. त्यामुळें बाहेरचें लांकूड व घडीव लोखंड स्वस्तांत येऊं लागलें. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना इ. स. १९५४ मध्यें स्थापन झाला. १९६२ मध्यें औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आल्यावर भोसरी-चिंचवडची माळरानें कारखान्यांनीं भरलीं. १९८२ मध्यें महानगरपालिका झाली. आणि २००९ मध्यें फोक्सवॅगनचा कारखाना चाकणास उघडल्यापर्यंत ही लाट भामेच्या कांठीं पोंचली होती.

या लाटेनें सुतारकाम एका दिवसांत बुडविलें नाहीं, ही गोष्ट विशेष नमूद करण्यासारखी आहे. ओतकामासाठीं वाळूचा सांचा करावा लागतो व सांच्यासाठीं आधीं लांकडी नमुना लागतो. ओतलेलें लोखंड थंड होतांना आकसतें, म्हणून नमुना मीटरमागें सुमारें १० मिलिमीटर मोठा करावा लागतो. शिवाय तो वाळूंतून न अडकतां निघावा म्हणून त्यास किंचित् उतार द्यावा लागतो. नमुना वांकडा होऊं नये म्हणून तुकडे तंतूंची दिशा पाहून जोडावे लागतात. म्हणजे यंत्राचें अंग पोलादी असलें तरी त्याचा पहिला देह लांकडाचा असे, व तो घडविण्यास कळाशीचेंच ज्ञान लागे. पुढें धातूचे व राळेचे नमुने आले, संगणकानें चालणारीं यंत्रें आलीं, आणि हातकामाचें तें क्षेत्रही आक्रसलें.

आज चाकणच्या परिसरांत लांकूड मुबलक दिसतें, पण तें यंत्रांच्या पेटाऱ्यांचें. परदेशीं जाणारा पेटारा किडीच्या भयानें ५६ अंश उष्णतेवर निदान ३० मिनिटें तापवावा लागतो व त्यावर तसा शिक्का असतो. तो खिळ्यांनीं ठोकलेला असतो. माल पोंचला कीं त्याचें आयुष्य संपलें. यांत दोष कांहीं नाहीं. ज्या कामास जें योग्य तें करावें. परंतु दोनशें वर्षें टिकावा म्हणून केलेला सांधा व एका सफरीपुरता केलेला सांधा एकाच वखारींत शेजारीं पडलेले असतात, आणि दोघांची किंमत वजनानें व घनफुटानें एकाच रीतीनें ठरते, ही स्थिति इतिहासाभ्यासकानें दुर्लक्षावी अशी नव्हे.

(९)

कारण जुना वाडा पाडला जातो तेव्हां नष्ट काय होतें? लांकूड नष्ट होत नाहीं. तें विकलें जातें. कोरीव दरवाजे व महिरपी शौकिनांच्या दिवाणखान्यांत जातात, त्यांस चांगला भावही येतो. नष्ट होतो तो सांधा. तुळया लवकर सुटाव्या म्हणून कुसवें करवतीनें छाटून टाकितात. जो भाग सांगाड्याचा इतिहास सांगतो, नेमका तोच जळणांत जातो. चिंचवड गांवठाणांत चापेकरांच्या वाड्यासारख्या ज्या वास्तूंस राष्ट्रीय स्मृतीचें अभय लाभलें त्यांची गोष्ट निराळी. ज्या घरांत कोणी प्रसिद्ध पुरुष जन्मला नाहीं, त्यांच्या लांकडांस कोणी वाली नाहीं. आणि सुतारकामाचा बहुतेक पुरावा अशाच घरांत आहे.

हा पुरावा काय काय सांगूं शकतो, याचीं दोन उदाहरणें देतों. एखाद्या तुळईंत निरुपयोगी असें रिकामें वेज आढळलें, तर ती तुळई पूर्वीं दुसऱ्या इमारतींत होती हें निश्चित होतें. मग वाड्याचा सन व लांकडाचा सन एक धरतां येत नाहीं. दुसरें, सागास वर्षागणिक कडीं पडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत सागाच्या अशा कड्यांवरून पूर्वींच्या पर्जन्याचा अभ्यास झालेला आहे. जुन्या तुळईचें छाटलेलें टोंक हें या दृष्टीनें एक बखरच समजावी.

म्हणून अभ्यासकांपुढें एक साधें काम ठेवावेंसें वाटतें. जेथें जुनें घर उतरविलें जात असेल तेथें एक दिवस आधीं जावें. खणाची लांबी-रुंदी मोजावी. कुसवाची जाडी, रुंदी व लांबी मोजावी. मेख लांकडाची, बांबूची कीं लोखंडाची तें टिपावें. रिकामीं वेजें व सुतारानें केलेल्या खुणा यांचें रेखाटन करावें. आणि उतरविणाऱ्यांत जुना सुतार असल्यास प्रत्येक भागास तो काय म्हणतो तें त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावें. यास फार द्रव्य लागत नाहीं. पन्नास घरांचीं अशीं टिपणें एकत्र झालीं, तर खेड, मावळ व हवेली येथील सुतारांच्या रीतींत साम्य किती व भेद किती, हें अनुमानानें नव्हे तर मापानें सांगतां येईल.

शनिवारवाड्याच्या कारागिरांत देवजी व कोंडाजी सुतार हीं नांवें राहिलीं आहेत. कार्ल्याच्या दर्शनी भागावर वेणुवासाच्या सामीचें नांव राहिलें आहे. या दोहोंमध्यें सुमारें सतराशें वर्षें गेलीं. तेवढ्या काळांत या मुलुखांत जे असंख्य सुतार होऊन गेले त्यांचीं नांवें आतां कोठें मिळावयाचीं नाहींत. परंतु त्यांचा हात अजून मिळूं शकतो. तो खांद्याच्या रेघेंत आहे, वेजाच्या भिंतीवरील पटाशीच्या खुणेंत आहे. ती खूण पुसण्यापूर्वीं मोजून ठेवणें हें त्यांच्या इतिहासाचें किमान ऋण होय.